कारखान्याच्या फाटकाबाहेर : प्रस्तावना

परदेशी जाऊन व्यापार शिकण्याचा रिवाज फार जुना आहे. विद्यापीठांनी त्याला आखून दिलेली चौकट तेवढी अलीकडची. पूर्वी पेढीचा वारस दूरच्या बंदरातील एखाद्या ओळखीच्या आडत्याकडे उमेदवारीसाठी ठेवला जाई, आणि तेथील मालाची पारख, तेथील नाण्यांचा बट्टा व तेथील माणसांचा स्वभाव ह्या तीनही गोष्टी तो एकाच छपराखाली, एकाच वेळी आत्मसात करी. आज सत्र, श्रेयांक, भेटींचे वेळापत्रक, यजमान कुटुंबाची नेमणूक आणि अखेरीस सादर करावयाचा अहवाल अशा रीतसर बंदोबस्तात वाणिज्य शाखेचा विद्यार्थी परदेशी रवाना होतो. परंतु ह्या बंदोबस्तातच नकळत एक फाळणी होऊन बसते. दिवसाचा पूर्वार्ध कंपन्या पाहण्याचा, म्हणून अभ्यासाचा. आणि उत्तरार्ध लोकजीवन अनुभवण्याचा, म्हणून विरंगुळ्याचा, अशी समजूत विद्यार्थ्यांची, त्यांच्या पालकांची आणि कित्येकदा त्यांना घेऊन जाणाऱ्या अध्यापकांचीही होते.

प्रस्तुत पुस्तकात ओसाका, क्योतो आणि नागोया ह्या शहरांच्या परिसरात एक सत्र राहून आलेल्या आपल्याकडील वाणिज्य व व्यवस्थापन शाखांच्या विद्यार्थ्यांची टिपणे एकत्र केली आहेत. ती वाचताना वरील फाळणी किती निराधार आहे ह्याची मला पुनःपुन्हा खात्री पटत गेली, आणि तेवढेच एक सांगण्यासाठी ही प्रस्तावना काहीशी विस्ताराने लिहिण्याचे मी मनावर घेतले. परदेशी उद्योगाचे जे अंग पाहुण्याला दाखविता येते ते म्हणजे त्याची यंत्रे, त्यांची मांडणी आणि उत्पादनाचे आकडे. परंतु ज्या विश्वासाच्या आधारावर तो उद्योग उभा असतो तो विश्वास फाटकाबाहेर, लहान कारागिरांच्या गाळ्यांत, शाळेच्या वर्गांत, कुटुंबांच्या स्वयंपाकघरांत आणि शेजाऱ्यांच्या परस्पर वहिवाटीत घडत असतो, आणि तेथे राहिल्यावाचून त्याचा अभ्यास होत नाही. कंपनीची भेट आणि लोकांतील वास्तव्य ही ह्या अर्थाने एकाच अध्ययनाची दोन अंगे होत.

जपानची निवड करण्यात विशेष औचित्य आहे, कारण परदेशचे उद्योग पाहून शिकण्याचा प्रयोग एखाद्या राष्ट्राने स्वतःवर इतक्या निश्चयाने केल्याचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण. डिसेंबर १८७१ मध्ये इवाकुरा तोमोमी ह्या दरबारी उमरावाच्या नेतृत्वाखाली एक शिष्टमंडळ योकोहामाच्या बंदरातून अमेरिकेच्या मार्गाला लागले. मेइजी राजवटीला तेव्हा पुरती चार वर्षेही झालेली नव्हती. जुनी संस्थाने नुकतीच खालसा झाली होती, महसुलाची घडी बसावयाची होती, आणि अशा नाजूक वेळी ओकुबो तोशिमिची, किदो ताकायोशी आणि पुढे देशाचा पहिला पंतप्रधान झालेला इतो हिरोबुमी ह्यांच्यासारखे राज्याचे प्रमुख कारभारी दीड-पावणेदोन वर्षे मुख्यतः स्वदेशाबाहेर राहिले. असमान तहांच्या फेरविचाराची बोलणी वॉशिंग्टनमध्येच फिसकटली; तेव्हा शिष्टमंडळाने आपले सारे लक्ष पाहण्यावर एकवटले. लिव्हरपूलच्या गोद्या, मँचेस्टरच्या सूतगिरण्या, शेफील्डचे पोलाद, न्यूकॅसलचा आर्मस्ट्राँगचा तोफांचा कारखाना ह्यांची त्यांनी केलेली पाहणी कुमे कुनिताके ह्या चिटणिसाने टिपून ठेवली आणि १८७८ मध्ये ती पाच खंडांत प्रसिद्ध झाली. कुमेच्या वृत्तान्तातील सर्वांत मोलाचे निरीक्षण यंत्रांविषयीचे नाही. युरोपची ही जी समृद्धी दिसते ती अनादिकालापासूनची नसून तिचे आजचे स्वरूप जेमतेम चाळीस वर्षांतले आहे, असे त्याने नमूद केले. आणि ज्या देशाला आपण कायमचे मागे पडलो असे वाटण्याचा संभव होता त्या देशाच्या दृष्टीने ह्या एका वाक्याची किंमत सगळ्या कारखान्यांच्या वर्णनाहून अधिक होती. असे वाक्य यंत्राकडे पाहून सुचत नाही. ज्याने शहरांतून हिंडून, लोकांशी बोलून, जुन्या आणि नव्या इमारतींची वये विचारून घेतली आहेत त्यालाच ते सुचते.

त्याच आगबोटीवर पाच मुलीही होत्या. अमेरिकन कुटुंबांत राहून शिक्षण घ्यावे म्हणून सरकारने त्यांना पाठविले होते, आणि त्यांतील सर्वांत धाकटी त्सुदा उमे ही निघताना केवळ सहा वर्षांची होती. मंत्री आणि चिटणीस पाहून परतले. त्या मुली राहिल्या. प्रकृतीच्या कारणाने दोघी लवकर माघारी आल्या, यामाकावा सुतेमात्सु व्हासर महाविद्यालयाची पदवीधर झाली, आणि उमे वॉशिंग्टनजवळच्या एका दांपत्याच्या घरी वाढून १८८२ मध्ये मायदेशी आली ती मातृभाषा विसरूनच. पुढे १९०० मध्ये तिने तोक्योत स्त्रियांसाठी जी शिक्षणसंस्था स्थापन केली ती आजही तिच्या नावाने चालते. परदेशातील दीर्घ वास्तव्याचा एवढा मोठा लाभ आणि एवढी मोठी किंमत ही दोन्ही एकाच आयुष्यात दिसावीत, ही गोष्ट अशा अभ्यासक्रमांची आखणी करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानी धरावी असे मला मनापासून वाटते. आपले विद्यार्थी एका सत्रापुरते जातात, वयाने जाणते असतात, तेव्हा भाषा विसरण्याचे भय नाही; परंतु परक्या घरात राहणे ही सहल नव्हे, त्यात माणसाचे काहीतरी पणाला लागते, हे त्यांना निघण्यापूर्वी सांगितले गेले पाहिजे.

शिष्टमंडळाच्याही आधी, १८६७ मध्ये, शोगूनचा धाकटा भाऊ तोकुगावा आकिताके ह्याच्याबरोबर पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनास गेलेला शिबुसावा एइइची हा शेतकरी-व्यापारी घराण्यातील तरुण त्या लवाजम्याचा हिशेबनीस होता. प्रदर्शन त्याने पाहिलेच. परंतु त्याच्या जीवनाला वळण लागले ते हिशेबाच्या निमित्ताने. पॅरिसमधील ज्या बँकरकडे जपानी मंडळींच्या पैशाची व्यवस्था सोपविलेली होती, त्या फ्लुरी-एरार नामक गृहस्थाकडून त्याने बँका, रोखे आणि भागभांडवलाच्या कंपन्या म्हणजे काय ते प्रत्यक्ष व्यवहारातून समजावून घेतले. आणि त्याहूनही त्याला विस्मय वाटला तो एका लष्करी अधिकाऱ्याशी तो बँकर बरोबरीच्या नात्याने बोलतो ह्याचा. ज्या देशात तलवार बाळगणाऱ्यापुढे व्यापाऱ्याने मान खाली घालावी अशी शतकांची रीत होती, तेथून आलेल्या माणसाला हा संवाद कोणत्याही यंत्राहून नवलाचा वाटला ह्यात आश्चर्य नाही. बेल्जमच्या राजाने तर आपल्या देशाचे पोलाद विकत घ्यावे अशी शिफारस पाहुण्या राजपुत्रापाशी स्वतःच्या तोंडाने केली! परतल्यावर शिबुसावाने १८७३ मध्ये जपानची पहिली राष्ट्रीय बँक उभी केली आणि सुमारे पाचशे कंपन्यांच्या उभारणीस हातभार लावला. २०२४ पासून दहा हजार येनच्या नोटेवर त्याची मुद्रा आहे आणि पाच हजारांच्या नोटेवर त्सुदा उमेची. परदेशी राहून शिकलेल्या दोघांना एका राष्ट्राने आपल्या चलनावर एकाच वेळी स्थान द्यावे, ही मला नुसती योगायोगाची गोष्ट वाटत नाही.

मुंबईच्या वाचकाला शिबुसावाचे नाव आणखी एका कारणाने परिचित असावयास हवे. ओसाकाच्या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस हवा होता, परंतु मुंबई ते पूर्वेकडील बंदरे ह्या मार्गावर पी. अँड ओ. आणि तिच्या सहकारी कंपन्यांचा मक्ता असून नोराचे, म्हणजे मालाच्या भाड्याचे, दर त्या ठरवीत. जमशेटजी टाटा १८९३ मध्ये जपानला गेले, निप्पॉन युसेन ह्या आगबोट कंपनीशी आणि शिबुसावादी मंडळींशी मसलत झाली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कोबेहून मुंबईकडे जपानी आगबोटींची नियमित वाहतूक सुरू झाली. मक्तेदारांनी दर एकदम खाली आणले. टाटांनी स्वतः भाड्याने घेतलेल्या आगबोटींची टाटा लाइन त्या दरयुद्धात टिकली नाही, कारण मुंबईचे कित्येक व्यापारी स्वस्त नोराकडे वळले; उलट जपानी सूतगिरणीवाल्यांनी आपला कापूस निप्पॉन युसेनच्याच आगबोटींतून आणण्याचा आपसांत करार केला आणि समोर स्वस्त दर दिसत असतानाही तो पाळला. एकाच समुद्रावर, एकाच मालाच्या बाबतीत, दोन व्यापारी समाज इतके वेगळे का वागले, ह्या प्रश्नाचे उत्तर आगबोटींच्या आकारात किंवा कोळशाच्या भावात शोधून मिळावयाचे नाही. मुंबईचा व्यापारी अप्रामाणिक होता असे म्हणणे तर सर्वथा अन्यायाचे होईल. संघाचे बंधन, सावकाराची भूमिका, सरकारचा पाठिंबा आणि परस्परांविषयीचा भरवसा ह्यांची जी वीण ओसाकात होती ती परतंत्र मुंबईत नव्हती.

त्यानंतर काही वर्षांनी झालेला आपल्याकडचा एक प्रयत्न येथे नमूद केलाच पाहिजे. अंताजी दामोदर काळे ह्यांनी गावोगाव एकेक पैसा गोळा करून जो पैसा फंड उभारला, त्याच्या आधारे १९०८ मध्ये तळेगाव येथे काच कारखाना निघाला. त्यातील प्रमुख तज्ज्ञ ईश्वरदास वार्ष्णेय हे काचेची विद्या प्रथम जपानात आणि नंतर अमेरिकेत शिकून आले होते. तळेगावात केवळ काच झाली नाही, काच करणारी माणसे तयार झाली, आणि ती पुढे देशभर पांगली. परदेशी अध्ययनाचे फळ मोजावयाचे तर ते अशा रीतीने मोजावे.

आता प्रत्यक्ष कंपनी-भेटीकडे वळू. नागोयाजवळच्या टोयोटाच्या जुळणीच्या कारखान्यात उंचावरील सज्जातून पाहुण्यांना खालची हालचाल दाखवितात. गाड्या मंद गतीने पुढे सरकत असतात. एखाद्या कामगाराला आपल्या कामात दोष आढळला, तर तो डोक्यावरची दोरी ओढतो किंवा कळ दाबतो. विशिष्ट सूर वाजतो, फलकावर त्या जागेचा क्रमांक उजळतो, गटनायक धावून येतो, आणि ठरलेल्या रेषेपर्यंत दोष दूर झाला नाही तर संपूर्ण ओळ थांबते. सुट्या भागांच्या प्रत्येक पेटीबरोबर एक चिठ्ठी असते. पेटीतील भाग वापरात आले की ती चिठ्ठी मागे जाते आणि तेवढाच नवा माल मागविते. ह्यात गुप्त असे काही नाही. ह्या पद्धतीवर जगभर ग्रंथ निघाले आहेत, शाळकरी मुलेसुद्धा हे पाहून जातात. तिचे मूळ मोटारीत नसून मागात आहे, हेही नागोयाच्या जुन्या गिरणीच्या जागी १९९४ पासून उघडलेल्या संग्रहालयात समजते. टोयोटा उद्योगाचा मूळ पुरुष, सुताराचा मुलगा तोयोदा साकिची ह्याने १९२४ मध्ये सिद्ध केलेला स्वयंचलित माग, धोटा चालत्या मागावरच बदलीत असे आणि ताण्याचा एक धागा तुटला तरी आपोआप थांबत असे. त्याचे हक्क १९२९ मध्ये ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सनी एक लाख पौंडांना घेतले. ज्या लँकेशायरकडे पाहून जपान गिरणी शिकला, त्याच लँकेशायरने पन्नास-साठ वर्षांत जपानी मागाचे हक्क विकत घ्यावेत! इचलकरंजीत जिचे बालपण मागांच्या खडखडाटात गेले अशा एका विद्यार्थिनीने ह्या संग्रहालयाविषयी लिहिलेले टिपण ह्या पुस्तकातील उत्तम टिपणांपैकी एक आहे, कारण थांबलेला माग पाहून इतरांना चमत्कार वाटला, आणि तिने विचारले की धागा बांधावयास कोण येत असे, आणि एकाने किती माग सांभाळावेत हे कोण ठरवीत असे.

टोयोटाची मंडळी स्वतःही पाहूनच शिकली. तोयोदा एइजी १९५० मध्ये डेट्रॉइटजवळच्या फोर्डच्या रूज कारखान्यात कित्येक आठवडे राहिले आणि कामगारांकडून सूचना मागविण्याची पद्धत तेथून घेऊन आले. चिठ्ठ्यांच्या पद्धतीचे जनक ओनो ताइइची ह्यांची कथा तर आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याची आहे. अमेरिकेतील मोठ्या किराणा दुकानांत गिऱ्हाईक लागेल तेवढाच माल फडताळातून उचलते आणि रिकामी झालेली जागा तेवढीच भरली जाते, हे ते पूर्वीपासून ऐकून होते आणि त्यावरून त्यांनी आपल्या यंत्रशाळेत प्रयोगही चालविले होते. १९५६ मध्ये अमेरिकेस गेल्यावर त्यांनी मोटारींचे प्रचंड कारखाने पाहिले, परंतु मनावर ठसले ते किराणा दुकानच. कारखान्यातील साठ्याच्या प्रश्नाचे उत्तर गृहिणींच्या बाजारहाटात सापडले.

ह्याच्या उलट बाजूचे उदाहरणही तितकेच बोलके आहे. जनरल मोटर्सने १९८२ मध्ये बंद केलेला कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटचा कारखाना १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत पुन्हा सुरू झाला; कामगार बहुतांशी जुनेच घेतले, त्यांतील शेकडो जणांना तुकड्यांनी जपानला पाठवून तेथील ओळीवर जपानी कामगारांच्या खांद्याला खांदा लावून काम करावयास लाविले, आणि बेशिस्तीसाठी बदनाम झालेल्या त्याच कारखान्यातून उत्तम गाड्या निघू लागल्या. मात्र जनरल मोटर्सच्या इतर कारखान्यांचे व्यवस्थापक फ्रीमाँटला येऊन सर्व काही पाहून गेले तरी त्यांना ते आपल्या घरी दीर्घकाळ उतरविता आले नाही. जे जपानला जाऊन राहिले त्यांच्यात पालट झाला. जे पाहून गेले त्यांच्यात झाला नाही. पाहुण्यांसाठी सजलेला कारखाना हा लग्नघरासारखा असतो. तेथे सरबराई दिसते, घरावरचे कर्ज आणि भावाभावांतील सलोखा दिसत नाही.

मग ते कोठे दिसते? पहिले स्थळ म्हणजे पूर्व ओसाकातील लहान गाळे. एकमेकांना चिकटून असलेल्या त्या हजारो कारखान्यांत कोणी केवळ स्क्रू करतो, कोणी मुलामा चढवितो, कोणी एका विशिष्ट जाडीच्या पत्र्यालाच बाक देतो. तेथील कारागिरांनी एकत्र येऊन घडविलेला लहानसा उपग्रह २००९ च्या जानेवारीत अवकाशात गेला, आणि त्याला त्यांनी ‘माइदो’ हे ओसाकाच्या दुकानदारांचे रोजचे अभिवादन नाव म्हणून दिले. अशा गाळ्यात दुपारभर बसले म्हणजे मोठ्या कंपनीचा तासाचा हिशेब कोणाच्या जोरावर चालतो ते उमगते. कराराचा कागद थोडका. संबंध मात्र बापाच्या वेळेपासूनचा. मोठी कंपनी दर खाली आणावयास सांगते तेव्हा आपला माणूसही पाठविते आणि काम स्वस्तात कसे होईल ते शेजारी उभे राहून शोधते. मंदीत गाळेवाला झळ सोसतो, तेजीत त्याची आठवण ठेवली जाते. नेहमीच ठेवली जाते असे नाही, आणि वारस नसल्यामुळे बंद झालेल्या गाळ्यांची लोखंडी दारे त्या गल्ल्यांतून दिसतात. विद्यार्थ्यांनी हेही नोंदविले आहे.

ह्या विश्वासाला इतिहास आहे. ओसाकातील दोजिमाच्या तांदूळपेठेत पावत्यांचे आणि वायद्याचे व्यवहार इतके विकसित झाले होते की १७३० मध्ये शोगून सरकारने त्यांना अधिकृत मान्यता दिली. त्याच्या आधी सहा वर्षे शहरातील व्यापाऱ्यांनी स्वखर्चाने काइतोकुदो नावाची पाठशाळा काढून तेथे आपल्या मुलांना कन्फ्यूशियसचे ग्रंथ शिकवावयास प्रारंभ केला होता, आणि १७२९ मध्ये क्योतोत इशिदा बाइगान हा पेढीवर उमेदवारी करून आलेला गृहस्थ आपल्या घरी फी न घेता व्याख्याने देऊ लागला, ज्यांत सामुराईच्या तनख्याइतकाच व्यापाऱ्याचा नफाही न्याय्य आहे, मात्र तो सचोटीने मिळविला पाहिजे, असे तो सांगे. बिवा सरोवराच्या काठचे ओमि येथील फेरीवाले खांद्यावर कावड घेऊन कापड आणि मच्छरदाण्या विकीत देशभर हिंडत. परक्या मुलुखात ज्याला पुन्हा पुन्हा जावयाचे आहे त्याला एकदाच फसवून भागत नाही, हा त्यांचा अनुभव होता, आणि विकणारा, घेणारा व समाज ह्या तिघांचेही भले व्हावे हे सूत्र त्यांच्या नावाने आजही सांगितले जाते. इतोचू आणि मारुबेनी ह्या आजच्या अवाढव्य व्यापारी कंपन्यांचा मूळ पुरुष इतो चुबेइ हा असाच एक ओमिचा फेरीवाला. त्याने १८५८ मध्ये धंद्यास आरंभ केला.

आपल्या वाचकाला विशेष कुतूहल वाटावे अशी एक रीत वारसाची आहे. मुलगा नाकर्ता असेल तर कर्तबगार नोकराला किंवा बाहेरच्या होतकरू तरुणाला मुलगी देऊन, त्याला घराण्याचे आडनाव देऊन पेढी त्याच्या हाती सोपवावी, ही जपानी व्यापारी घराण्यांची जुनी वहिवाट. आपल्याकडे दत्तक प्रामुख्याने पिंडदानासाठी आणि वतनासाठी घेतला गेला, आणि घरजावयाला मान कमीच. तेथे पेढी टिकविण्यासाठी प्रौढ जावयालाच पुत्र केले गेले. ज्यांच्या कारकिर्दीत सुझुकी कंपनीने १९८२ मध्ये आपल्या मारुतीशी करार केला ते ओसामु सुझुकी असेच दत्तक जावई होते. ओसाकातील मंदिरे बांधणारी कोंगो गुमी ही पेढी आपला आरंभ इसवी सन ५७८ चा सांगते, आणि तिच्या दीर्घायुष्याचे श्रेयही अंशतः ह्याच रिवाजाकडे जाते. २००६ मध्ये ती एका मोठ्या बांधकाम कंपनीच्या ताब्यात गेली.

दुसरे स्थळ म्हणजे यजमानाचे घर. तेथे पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्याला जे शिकावे लागते ते वरकरणी अगदी क्षुल्लक: जोडे दारातील खालच्या पायरीवर काढून त्यांची टोके बाहेरच्या बाजूला करून ठेवणे, अंग बाहेर स्वच्छ धुऊन मगच कढत पाण्याच्या हौदात उतरणे, कारण तेच पाणी घरातल्या सर्वांना वापरावयाचे असते, जळणारा कचरा, प्लॅस्टिक, काच, डबे वेगवेगळे करून ज्याच्या त्याच्या वारीच बाहेर ठेवणे. शाळांतून मुले आपला वर्ग स्वतः झाडतात, जेवण स्वतः वाढतात. हे सारे ज्याने महिना-दोन महिने पाळले त्याला कारखान्यातील प्रत्येक हत्याराभोवती जमिनीवर रंगाने आखलेली चौकट पाहून नवल वाटत नाही, कारण ती शिस्त कंपनीने निर्माण केलेली नसून घराने आणि शाळेने तयार करून तिच्या स्वाधीन केलेली आहे हे त्याला कळलेले असते. तीच चौकट पुण्याच्या किंवा नाशिकच्या कारखान्यात आखताना कोणते काम कंपनीलाच करावे लागेल, ह्याचा अंदाज त्याला येतो. आपल्याकडे जपानी पद्धतींची नुसती फलकबाजी जेथे जेथे झाली, तेथे ह्या अंदाजाचाच अभाव होता असे माझे मत आहे.

शाकाहारी विद्यार्थ्यांना अन्नाचा प्रश्न कठीण जातो, कारण साध्या भाजीच्या रश्शातही वाळविलेल्या माशाचा अर्क असतो. ती अडचण पाहून एका यजमानीण आजींनी क्योतोच्या मठांतील सात्त्विक स्वयंपाक आठवून समुद्री शेवाळ आणि सुक्या अळंब्यांचा रस्सा करून दिल्याची हकीकत आतील पानांत आहे. ती येथे सांगण्याचे कारण एवढेच की, गिऱ्हाइकाने न बोलता त्याची गरज ओळखावी ही जी अपेक्षा जपानी बाजारात विक्रेत्याकडून केली जाते, तिची ओळख त्या विद्यार्थ्याला कोणत्याही व्याख्यानाहून त्या वाटीने अधिक स्पष्ट करून दिली.

बैठकींची गोष्ट तशीच. कंपनीच्या बैठकीस बसावयास मिळालेल्या विद्यार्थ्यांना तेथे काहीच घडले नाही असे वाटले. सर्वांनी माना डोलाविल्या आणि बैठक संपली. खरी मसलत आधीच, एकेकाच्या मेजाशी, चहाच्या वेळी, संध्याकाळच्या जेवणात उरकलेली होती, आणि प्रस्तावाचा कागद खालपासून वरपर्यंत प्रत्येकाचा शिक्का घेत फिरून आला होता. आपल्या जुन्या दप्तरातील शेऱ्यांची आठवण व्हावी असा हा कारभार संथ खरा. परंतु एकदा शिक्के पुरे झाले की अंमलबजावणीत कोणी अडथळा आणीत नाही.

केवळ गुणगानासाठी मात्र ह्या अभ्यासाची योजना असू नये. कामाच्या अतिरेकाने माणसे दगावण्याचे प्रकार तेथे इतके झाले की त्यांच्या प्रतिबंधासाठी २०१४ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. नोकरीत स्त्री-पुरुष समान संधीचा कायदा १९८५ मध्ये झाला तरी वरिष्ठ अधिकारपदांवर स्त्रिया आजही थोड्याच. आणि घरातली सून रात्री उशिरापर्यंत नवऱ्याची वाट पाहत जागी असते हे आमच्या विद्यार्थिनींनी पाहिले ते यजमानांच्या घरी राहिल्यामुळेच, कंपनीच्या सज्जातून ते दिसणारे नव्हते. ज्येष्ठतेचा मान जेथे विचारांना दडपतो, तेथेही तो मान पाळलाच जातो. ह्या गोष्टी टिपणांतून काढून टाकाव्यात अशी सूचना मला एका सद्भावी स्नेह्याने केली होती. मी ती मानली नाही. ज्याच्या घरी जेवलो त्याच्याविषयी खरे लिहिणे ही त्याच्या आदराची हानी नव्हे.

अशा अभ्यासक्रमांच्या आखणीविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. पंधरा दिवसांत वीस कंपन्या दाखविण्याची जी अहमहमिका काही ठिकाणी दिसते तिच्यातून माहितीपत्रकांचा ढीग आणि थकवा एवढेच पदरी पडते. कंपन्या थोड्या असाव्यात आणि त्यांतील निदान एकीच्या दारी पुन्हा जाता यावे. पहिल्या भेटीत उत्तरे मिळतात, परंतु विचारावयाचे प्रश्न दुसऱ्या भेटीपूर्वीच सुचतात. मोठ्या कारखान्यापाठोपाठ त्याला माल पुरविणारा लहान गाळा पाहावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भाषा. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठ ह्यांसारख्या संस्थांत जपानी शिकण्याची सोय अनेक वर्षांपासून आहे, आणि तेथे शिकलेल्या मराठी मुलामुलींनी दोन्ही देशांच्या उद्योगांत दुभाष्यांचे काम मोठ्या निष्ठेने केले आहे. तेव्हा निघण्यापूर्वी किमान दोन लिप्या आणि रोजच्या बोलण्याइतकी भाषा येणे ही अट घालण्यास आपल्या महाविद्यालयांनी कचरू नये. रोजनिशी त्याच रात्री लिहावी, कारण आठवड्याने लिहिलेली रोजनिशी पूर्वग्रहांची होते.

टिपणांची भाषा मी शक्यतो तशीच ठेवली आहे. नावांचे उच्चार तेवढे एकसारखे केले. क्रम कंपन्यांच्या आकारानुसार न लावता विद्यार्थ्यांच्या वास्तव्याच्या कालानुक्रमे लाविला, त्यामुळे आरंभीच्या पानांतील दिपून जाणे आणि पुढच्या पानांतील सावध समज वाचकाला आपोआप लक्षात येईल. कोबेतील मोत्यांच्या व्यापारात पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या गुजराती जैन कुटुंबांवरील टिपण आकाराने लहान असले तरी त्याकडे वाचकांनी अवश्य लक्ष द्यावे.

परिशिष्टाचा खुलासा करून थांबतो. पूर्व ओसाकातील एका गाळ्याच्या वृद्ध मालकाने इचलकरंजीच्या त्या विद्यार्थिनीला विचारले की तुमच्या गावी सूत उधार कोण देतो, किती दिवसांच्या बोलीवर, आणि बुडाले तर कोणाचे बुडते. विठ्ठलराव दातार ह्यांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आणल्यापासून ज्या गावाचे पोट मागावर चालले आहे, तेथली ती मुलगी. तरी तिच्यापाशी नीटसे उत्तर नव्हते. परतल्यावर सुटीभर तिने सूत व्यापारी, सायझिंगवाले, मजुरीवर कापड विणून देणारे खर्चीवाले आणि कांड्या भरणाऱ्या बायका ह्यांच्याकडे बसून ती सर्व माहिती गोळा केली, उधारीच्या मुदती आणि बट्ट्याचे दर खतावण्यांवरून पडताळून घेतले, आणि जपानी मालकाला पाठविण्यासाठी जो मजकूर लिहिला तोच मराठीत परिशिष्ट म्हणून ह्या पुस्तकाच्या अखेरीस छापला आहे.